पंधरा वर्षांच्या स्वमग्न मुलाला संमोहन उपचार द्यावेत का?

फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. सहाव्या वर्षी स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, वाचतो, गणितात चांगला आहे. गेल्या वर्षभरात मात्र शाळेतून आला की आकांत मांडतो, स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारून घेतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. परीक्षेचा विषय निघाला की पोट दुखतं. नात्यातल्या कुणीतरी हिप्नोथेरपी करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं. ‘दहा बैठकांत ऑटिझम निम्मा कमी होईल’ असं सांगून त्यांनी दहाही बैठकांचे पैसे आधी मागितले आहेत. जावं का? आणि त्यात धोका काही आहे का?

ताई, त्या बाईंकडे जाऊ नका. संमोहनाने स्वमग्नता कमी होत नाही. निम्मी राहू द्या, चतकोरही होत नाही. ती आजारासारखी अंगातून काढायची गोष्टच नव्हे, मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि स्वतः संमोहन वापरते. तेव्हा हे बोलण्यामागे धंद्यातला मत्सर आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

पण तुमच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. परीक्षेची भीती, त्या भीतीची पोटदुखी, झोपेआधीची तगमग यांत संमोहन काही स्वमग्न मुलांच्या उपयोगी पडतं. मदतनीस म्हणून, बाकीच्या गोष्टी जागेवर आल्यावर, आणि मुलाची स्वतःची तयारी असेल तरच.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोमंतकीय पाद्रीचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ मध्ये घडवलेला. झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा, आणि समोर एक बाई मागे कोसळते आहे. शिल्प म्हणून झकास. पण माझ्याकडे येणारे निम्मे पालक संमोहनाची कल्पना तिथूनच घेऊन येतात, आणि गंमत म्हणजे कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने सांगितलं ते नेमकं उलटं होतं. त्या काळच्या युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याची चलती होती. उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह निघतो आणि तो रोग्याला बरा करतो, असं तो मानायचा. फारियांनी पॅरिसमध्ये १८१३ पासून व्याख्याने आणि प्रयोग करून दाखवले, की असा कुठलाही प्रवाह नाही. जे घडतं ते समोर बसलेल्याच्या मनात, त्याच्याच तयारीने आणि एकाग्रतेने घडतं. करणाऱ्याच्या हातात विशेष काही नसतं. पुतळ्यातले ते पसरलेले हात बघितले की मला दर वेळी हे आठवतं.

त्यांच्याबद्दल आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तेव्हा मागून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ भीती गेली, जीभ सुटली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, सूचना म्हणजे काय हे समजावायला मी तीच वापरते. चार शब्द, घरच्या भाषेतले, विश्वासाच्या माणसाकडून आलेले.

खोलीत प्रत्यक्षात होतं ते यापेक्षा फारसं नाट्यमय नसतं. मूल खुर्चीवर बसतं. आपण त्याचं लक्ष एका गोष्टीवर स्थिर होऊ देतो. एखादा आवाज, एखादं चित्र, हाताच्या बोटातली जाणीव. लक्ष असं एकवटलं की बाजूचं जग थोडं मागे सरकतं, आणि अशा वेळी दिलेली साधी सूचना शरीर लवकर ऐकतं. झोप लागत नाही. शुद्ध हरपत नाही. मनाविरुद्ध कुणी काही करवून घेऊ शकत नाही. आणि जत्रेत अंगात येतो त्या भाराशी किंवा अवसराशी याचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आजी-आजोबा ‘कुणी त्याच्यावर काही घातलं तर?’ म्हणून धास्तावतात. त्यांना पहिल्या भेटीला बरोबर आणा, मी समजावीन.

आता खरा मुद्दा. तुमचा मुलगा संध्याकाळी का फुटतो, हे कळण्याआधी त्याला शांत करायला निघणं म्हणजे घरात धूर दिसल्यावर खिडक्या लावून घेणं.

पहिल्यांदा शरीर बघा. अनेक स्वमग्न मुलांना आतलं दुखणं नीट ओळखता येत नाही आणि ओळखलं तरी सांगता येत नाही. किडलेली दाढ, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, कान, सायनस. एका मुलाचा सहा महिन्यांचा ‘रागाचा प्रश्न’ अक्कलदाढेबरोबर निघून गेलेला मी पाहिला आहे. फिटही लक्षात ठेवायला हवी. स्वमग्न मुलांत ती इतरांपेक्षा जास्त आढळते आणि वयात येताना पहिल्यांदा दिसू शकते. बोलता बोलता मधेच टक लावून थांबणं, हाक मारल्यावर काही क्षण प्रतिसादच न देणं असं होत असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. नाहीतर ‘पोरगा किती पटकन ट्रान्समध्ये, संमोहनाच्या तंद्रीत गेला’ म्हणून कुणीतरी खूश व्हायचा.

मग दिवस बघा. शाळेतून आल्यावरच आकांत होतो असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे सात तास त्याने कसंबसं धरून ठेवलं आणि घरी, सुरक्षित जागी, ते सुटलं. हा हट्ट नव्हे. हट्टात मूल तुमच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं. हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये हवं असं काही नसतंच, सहन करण्याची सीमा संपलेली असते. वर्गात काय आहे? करकरणारा पंखा, दोन ट्यूबलाइट, मधल्या सुट्टीतला गोंगाट, टवाळी करणारी दोन पोरं, जोडीला दहावीच्या नावाने दिवसातून दहा वेळा मिळणारी ताकीद. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती विशेष गरजांच्या मुलांना गोवा बोर्डात मिळतात. त्यासाठी शाळेतून अर्ज वेळेत जावा लागतो, तो गेला आहे का ते आधी विचारा. अनेकदा ‘तुला अर्धा तास जास्त मिळणार आहे’ हे एक वाक्य माझ्या चार बैठकांचं काम करतं.

आपल्याकडचं वर्षही आवाजाचंच असतं. चवथीचे फटाके, शिगम्याच्या रोमटामेळाचे ढोल, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्या-नाक्यावर नरकासुराचे पुतळे आणि पहाटेपर्यंत स्पीकर. नरकासुराच्या आठवड्यात माझा फोन सर्वांत जास्त वाजतो. अशा आठवड्यात मुलाला संमोहनाने सहन करायला शिकवू नये; कानावर आवाज रोखणारे हेडफोन द्यावेत आणि शक्य असेल तर त्या रात्री सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन झोपावं.

एवढं करूनही भीती आणि तगमग उरते. स्वमग्न मुलांत चिंतेचे विकार खूप आढळतात; अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा प्रमाण साधारण ४० टक्क्यांच्या घरात निघालं. त्यावर सर्वांत चांगला पुरावा आहे तो विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, आणि तोही स्वमग्न मुलांसाठी बदलून घेतलेला: जास्त चित्रं, कमी रूपकं, पालकांचा सहभाग. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेच सुचवलं. गोव्याचं उदाहरण घ्यायचं तर मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगात’ या संस्थेने गोवा आणि रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या स्वमग्न मुलांच्या पालकांबरोबर जो उपक्रम तपासला, त्याची रीतसर चाचणी २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आली. तो तुमच्या मुलाच्या वयासाठी नाही, पण पुरावा कसा जमवतात ते त्यातून दिसतं. स्वमग्न किशोरांवरच्या संमोहनाबाबत अशी भक्कम चाचणी झालेली नाही. एकेका रुग्णाचे अनुभव लिहिलेले आहेत, बस्स. पोटदुखीचं मात्र वेगळं आहे. ज्या मुलांच्या पोटदुखीचं शारीरिक कारण सापडत नाही, त्यांच्यावर नेदरलँड्समध्ये संमोहनाची चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि फायदा चांगला दिसला. ती मुलं स्वमग्न म्हणून निवडलेली नव्हती. तरी परीक्षेच्या पोटदुखीसाठी मी संमोहनाचा विचार करते तो या आधारावर.

स्वमग्न मुलांना नेहमीचं संमोहन जसंच्या तसं चालत नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही, फजिती होऊन शिकले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे समुद्रकिनाऱ्याची एक छान संहिता होती. डोळे मिटा, कळंगुटचा किनारा, पायाखाली मऊ ओली वाळू. बारा वर्षांचा एक मुलगा दोन मिनिटं ऐकत राहिला, मग उठला, बाथरूममध्ये गेला आणि पाय धुऊन आला. त्याला वाळूची किळस होती. आईने ते फॉर्मवर लिहिलंही होतं. मी वाचलं नव्हतं.

या मुलांना शब्द शब्दासारखा लागतो. ‘तुझ्या पापण्या जड होत आहेत’ म्हटलं तर उत्तर येतं, ‘नाही झाल्या.’ आणि ते खरंच असतं. ‘तू ढगावर तरंगतो आहेस’ म्हटलं तर ढग वाफेचा असतो, मी पडेन. म्हणून मी आदेशवजा वाक्यं सोडली. जे खरंच घडतंय तेवढंच बोलते: खुर्ची पाठीला लागते आहे, पंखा फिरतो आहे, श्वास आत जातो आहे. डोळे मिटायची सक्ती नाही. बरीच मुलं डोळे उघडे ठेवून, हातात काहीतरी फिरवत, खुर्चीवर झुलत जास्त चांगली स्थिरावतात. आवाज गूढ, खर्जातला करायचा नाही; मुलं घाबरतात किंवा हसतात. स्पर्श विचारल्याशिवाय नाही. काहींना मनात चित्रं दिसतच नाहीत, त्यांना आवाज किंवा आकडे द्यायचे. पंधरा मिनिटं पुष्कळ होतात. खुर्ची तीच, वार तोच, वेळ तीच.

आणि भाषा. आजीशी कोकणी, घरी मराठी, हायस्कूल इंग्रजी, अशी आपल्याकडची मुलं. मोबाइलवर ऐकवतात ती रेकॉर्डिंग इंग्रजीत असतात. मी पालकांना विचारते, लहानपणी रडत असताना त्याला कुठल्या भाषेत उगी केलं होतं? सूचना त्या भाषेत द्यायची. पुन्हा ती भाजीची गोष्ट.

एका मुलाचं थोडं सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय १४, वर्गात आवाज वाढला की बाकाखाली जाऊन बसायचा. त्याचं जग म्हणजे फेरीबोट. रायबंदर-चोडण, जुनं गोवं-दिवाडी, केरी-तेरेखोल. कुठली बोट कुठल्या धक्क्यावर लागते, रॅम्प किती वेळात वर जातो, सगळं तोंडपाठ. घरचे म्हणायचे, ‘मॅडम, ते फेरीचं वेड तेवढं काढा.’ मी म्हटलं, तेच तर आपलं भांडवल आहे.

आम्ही दोघांनी मिळून संहिता लिहिली. तो सांगत होता, मी कागदावर उतरवत होते. शेवटची स्कूटर चढते. साखळी वाजते. रॅम्प वर जातो. इंजिनाचा आवाज बदलतो, पायाखालचा पत्रा थरथरतो. मी एक वाक्य घातलं, ‘आता रस्त्यावरचे सगळे आवाज काठावर राहिले.’ तो लगेच म्हणाला, चूक. पाण्यावरून आवाज ऐकू येतात. बरं, मग काय लिहू? थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘आवाज येतात, पण आता गाड्या चढू शकत नाहीत.’

माझ्या सगळ्या शिक्षणातून मला हे वाक्य सुचलं नसतं. आवाज बंद होईल असं खोटं आश्वासन त्यात नाही. आवाज येणार, पण माझ्यावर चढणार नाही. पुढचे दोन महिने आम्ही तेवढंच केलं. अंगठा तर्जनीच्या पेरावर दाबला की रॅम्प वर, ही खूण ठरवली, म्हणजे वर्गात कुणाला न दिसता करता येईल. घरी रोज रात्री आईच्या आवाजातलं सात मिनिटांचं रेकॉर्डिंग. आधी आठवड्यातून जवळजवळ रोज बाकाखाली जायचा, नंतर एक-दोनदा. पण याच काळात शाळेने त्याची जागा पंख्याखालून हलवली होती आणि एका शिक्षिकेने त्याला लायब्ररीत जाऊन बसायची मुभा दिली होती. तेव्हा सुधारणेतला किती वाटा संमोहनाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, पंख्याचा.

स्वमग्न मुलं एखाद्या आवडीत बुडालेली असतात तेव्हा ती अवस्था संमोहनाच्या एकाग्रतेपासून फार लांब नसते, असं माझं निरीक्षण आहे. त्यांना कुठे ‘नेण्याची’ गरज नसते. ती जिथे आहेत तिथे आपण शेजारी जाऊन बसायचं असतं.

सगळ्यांना जमतं असंही नाही. सोळा वर्षांच्या एका मुलीला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. आतली धडधड तिला एकदम मोठी होऊन ऐकू यायची. दोन प्रयत्नांनंतर आम्ही ते सोडलं. तिला व्हरांड्यातल्या सोप्यावर पाय आपटत गाणी ऐकण्याने जे मिळत होतं, ते मी देऊ शकत नव्हते.

आता धोके. संमोहन जपून केलं तर फारसं धोक्याचं नाही, करणारा माणूस मात्र असू शकतो. ‘मागच्या वयात नेऊन आघात शोधू’, ‘पूर्वजन्म पाहू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. संमोहनात आठवणी शोधायला गेलं की न घडलेल्या गोष्टीही खऱ्या आठवणीसारख्या तयार होतात, हे पक्कं माहीत झालेलं आहे. हात फडफडवणं बंद करून देऊ, नजरेला नजर द्यायला लावू, अशी आश्वासनं देणाऱ्यांकडेही जाऊ नका. हात फडफडवणं हा त्याचा स्वतःचा उपाय असतो. तो काढून घेऊन त्याच्या जागी काय देणार? मुलाला भास होत असतील किंवा फिट आटोक्यात नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय संमोहन नको. चालू औषधं कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवू नका.

निवड करताना आधी हे विचारा की संमोहन सोडून या व्यक्तीला दुसरं काय येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. मागायला संकोच नको. चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेले लोक मी पाहिले आहेत. स्वमग्न मुलांबरोबर किती काम केलं, हे विचारा. दार बंद करून ‘पालक बाहेर’ असं म्हणत असतील तर नाही म्हणा. मुलाला एकांत हवा असेल तर काचेचं दार किंवा अर्धं उघडं दार चालतं. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. मी चार बैठकांनंतर थांबून बघते. काहीच हललं नाही तर पुढे रेटत नाही.

आणि मुलाला विचारा. पंधरा वर्षांचा आहे तो. ‘तुला शांत करायला नेतो’ असं म्हणू नका, त्याला ती शिक्षा वाटेल. काय होणार, कुठल्या खोलीत, किती मिनिटं, कोण असणार, नको वाटलं तर कसं थांबवायचं हे कागदावर लिहून द्या. नाही म्हणाला तर विषय संपला; न मागितलेलं संमोहन लागतही नाही.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. डोक्यावर मारून घेताना जखम होत असेल, किंवा ‘मला जगायचं नाही’ अशा अर्थाचं काही तो बोलला, लिहिलं, चित्रात काढलं असेल, तर माझ्या किंवा कुणाच्याही अपॉइंटमेंटची वाट बघू नका. स्वमग्न किशोरांत असे विचार इतरांपेक्षा जास्त येतात आणि ते सपाट आवाजात, हवामान सांगावं तसं सांगतात, म्हणून घरचे ते मनावर घेत नाहीत. थेट बांबोळीला जा. गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, आणि मनोविकारांचं इस्पितळ आयपीएचबी दोन्ही तिथेच आहेत. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चालू असतो.

तसं नसेल तर हे दोन आठवडे एक वही करा. आकांत किती वाजता झाला, त्याआधीच्या दोन तासांत काय झालं, काय खाल्लं, शौचाला कधी झालं, आदल्या रात्री किती झोपला, आणि कशाने थांबला. ‘तुला काय वाटलं?’ असं त्याला विचारू नका, अनेक स्वमग्न मुलांना भावनेचं नाव सापडत नाही. ‘शरीरात कुठे होतं?’ विचारा, किंवा माणसाची बाह्यरेखा काढून रंगवायला द्या. दंतवैद्य आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. शाळेत जाऊन वर्गात दहा मिनिटं त्याच्या जागेवर बसा, मुलं भरलेली असताना.

मग वही घेऊन या, आपण बघू. तुमचं पत्र दीड पानाचं आहे, त्यात तो काय मोडतो, कधी ओरडतो हे सगळं आहे. त्याला आवडतं काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. येताना तेवढं आधी लिहून आणा.